कच्च्याची मागची बाजू

“नवलभाऊ, माणूस जित्ता शे!”

फोनवर अभिमन पाटील ओरडत होते. त्यांच्यामागे दहा-बारा माणसं एकदम बोलत होती, त्यात एक बाई रडत होती, कोणीतरी हसत होतं, आणि एक भरदार आवाज सारखा म्हणत होता, “कोन शे तो प्रेसवाला? माले दे फोन. माले दे.”

नवलने फोन कानापासून दोन बोटं लांब धरला. “कोण जिवंत आहे, अभिमनभाऊ?”

“धनसिंग! मना साला! तुम्ही पत्रिकामा कै. लिखं ना त्याले? आम्ही बठ्ठा घर लिसन धुळाले मातीले उनूत, आणि हाऊ माणूस ओट्टावर बसीसन शेवभाजी खाई ऱ्हायना!”

“अरे देवा.”

“आते जळगावले येतस आम्ही. बठ्ठा येतस.”

“धनसिंगभाऊसुद्धा?”

“तोच तं गाडी चालाडी ऱ्हायना!”

फोन बंद झाला. नवल खुर्चीवर बसला. समोर चहाच्या टपरीवाल्याची चिठ्ठी पडली होती, ती त्याने उचलली, उलटी करून मागची बाजू पाहिली आणि परत ठेवली. ही त्याची पंधरा वर्षांची सवय. भज्यांचा तेलकट कागदसुद्धा तो टाकण्यापूर्वी उलटा करायचा. सुनंदाबाई, म्हणजे त्याची बायको, शेजारणींना सांगायची, “यांना वाटतं, भज्यांच्या मागं कोणीतरी काहीतरी लिहून ठेवलंय.”

कोणीतरी लिहून ठेवलं होतंच. त्याचीच ही गोष्ट आहे.

नवल जळगावात गौतमचंद शेठजींच्या प्रेसमध्ये लग्नपत्रिका जुळवायचा. एकोणतीस वर्षं. आता आपल्याकडची पत्रिका म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. वधू, वर, तारीख, मुहूर्त हे चार ओळींत संपतं. मग सुरू होतात माणसं. आशीर्वाद देणारे, निमंत्रण देणारे, भाऊबंद, मामाकुळ, मावशा, जावई, मित्रमंडळ, आणि खाली लहान मुलांची ओळ. सरासरी चौऱ्याण्णव नावं. त्यातलं एक गळलं तर तो माणूस लग्नाला येत नाही. दोन गळली तर भाऊबंदकी कोर्टात जाते. मामा गळला तर मात्र लग्नच अर्धं राहतं, कारण नवरीला मांडवात आणायचं कोणी?

ग्राहक कागदावर हाताने नावं लिहून आणायचे. त्याला प्रेसमध्ये ‘कच्चं’ म्हणायचे. नवल कच्चं वाचायचा, जुळवायचा, तीनदा तपासायचा. “नवलच्या हातून नाव गळत नाही,” असं पाचोऱ्यापासून पारोळ्यापर्यंत बोललं जायचं. हे ऐकलं की लोकांना कौतुक वाटायचं आणि नवल विषय बदलायचा.

आठ महिन्यांपूर्वी शेठजींची नात प्रियल पुण्याहून इंजिनिअर होऊन आली. आल्या आल्या तिने माळ्यावरचे गठ्ठे खाली काढले. चार हजार पत्रिका आणि प्रत्येकीला टाचलेलं कच्चं. ते सगळं तिने स्कॅन करून मशीनमध्ये भरलं आणि नवलसमोर स्टूल ओढून बसली.

“नवलकाका, आत्या म्हणजे काय?”

नवल दचकला. “आत्या म्हणजे… आत्या. आपल्या घरी असते तशी…”

“तसं नाही. व्याख्या सांगा.”

“वडिलांची बहीण.”

“झालं!” तिने एक ओळ लिहिली. “आता मावसा?”

असं करत चार दिवसांत तिने सगळं गणगोत मशीनला शिकवलं. नवलने घाबरत घाबरत विचारलं, “पण प्रियलताई, मामा कोण ते हे शोधणार कसं? कोणत्या गठ्ठ्यात बघणार, कुठून सुरू करणार?”

“कसं शोधायचं ते सांगायचंच नाही, काका. काय हवं ते सांगायचं. हॉटेलात आपण शेवभाजी मागतो. कढई कुठे ठेव, गॅस किती कर, हे सांगतो का? तसंच. ‘नवरीच्या आईचे सगळे भाऊ दाखव.’ बस.”

तिने बटण दाबलं. पडद्यावर मामाच मामा उमटले.

“आणि यातले नियम सगळे तूच लिहिलेस?” मागून गौतमचंद शेठजींनी विचारलं.

“थोडे मी. बाकीचे तोच लिहितो. मी नियम लिहिणारा प्रोग्राम लिहिलाय, दादाजी. तो जुन्या पत्रिका वाचतो आणि आपले आपण नवे नियम तयार करतो.”

“म्हणजे आपण एक मुनीम ठेवला, आणि तो मुनीमच पुढचे मुनीम नेमणार?”

“अगदी तसंच.”

“मग आपण काय करायचं?”

“चहा प्यायचा.”

शेठजींना हे फार आवडलं. त्यांनी छपाई मशीनवरच्या कौतिकला चहा सांगायला पिटाळलं.

पहिल्या महिन्यात नव्या मुनिमांनी गमती केल्या. प्रत्येक पत्रिकेत पहिलं नाव श्रीगणेशाचं असतं, हे पाहून त्यांनी नियम काढला की हे घरातले सर्वांत ज्येष्ठ. एका पत्रिकेत ‘निमंत्रक : श्री. गणेश (मोठे काका)’ असं आलं. कौतिक म्हणाला, “चांगलं झालं. देवाले बी कधी तं वाढायला लावा.” मग पहूरच्या एका पत्रिकेत, ज्यांचं लग्न झालं नाही ते सगळे लहान, या हिशोबाने अठ्ठावन्न वर्षांचे भिकनआप्पा बालगोपाळांत गेले. ‘माझ्या भाचीच्या लग्नाला यायचं हं!’ अशी ओळ त्यांच्या नावावर पडली. आप्पा तडक प्रेसमध्ये आले. सगळे उठून उभे राहिले. आप्पांनी जास्तीच्या पन्नास प्रती मागितल्या.

सगळे हसत होते. नवल हसत नव्हता. त्याला एकच ओळ दिसत होती, जी कोणीही, कधीही, गंमत म्हणून मशीनला विचारू शकेल : ‘कच्च्यात आहेत पण पत्रिकेत नाहीत अशी नावं दाखव.’

इतकी वर्षं त्याला ‘कसं’ने वाचवलं होतं. हे शोधायचं तर शिडी लावा, धूळ खा, उंदीर हाकला, चार हजार कागद दोन्ही बाजूंनी वाचा. कोण करणार? आता मात्र फक्त ‘काय’ म्हटलं की पुरे. आणि प्रियलने आणलेला स्कॅनर असा होता, की कागद आत गेला की न सांगता दोन्ही बाजू घ्यायचा. पहिल्यांदा तो घर्र करून कागद उलटा ओढताना पाहिला, त्या दिवशी नवलने डबा तसाच घरी नेला.

घडलं होतं ते असं. दोन हजार नऊ साली अभिमन पाटलांच्या थोरल्या मुलीचं, दिपमालाचं लग्न होतं. अभिमनभाऊ पारोळ्याकडचे, तापट. फुलस्केप कागद भाऊबंदांनी शेवटच्या रेघेपर्यंत भरला होता. मामाकुळ नव्हतं. नवलला खटकलं. फोन करून विचारायला हवं होतं. पण अभिमनभाऊ आदल्याच दिवशी ‘आशीर्वाद’च्या टाइपावरून ओरडून गेले होते, त्या आठवड्यात पाच पत्रिका होत्या, आणि नवल भित्रा होता. त्याने विचारलं नाही. पंधराशे प्रती छापून गेल्या.

चार दिवसांनी अभिमनभाऊ लालबुंद होऊन आले. “मना सालानं नाव कोठे शे?”

नवलने गठ्ठ्यातून कच्चं काढून समोर धरलं. “भाऊ, कच्च्यात नाही.”

अभिमनभाऊंनी वरपासून खालपर्यंत वाचलं. दोनदा वाचलं. त्यांचा आवाज एकदम उतरला. “मी लिखेल व्हतं… लिखेल व्हतं ना मी?”

हे त्यांनी नवललाच विचारलं. नवलने खांदे उडवले. ते वळले, दाराकडे चालायला लागले, आणि नवलने कागद परत टाचायला म्हणून उलटा केला. मागे, अगदी वरच्या कोपऱ्यात, दोन ओळी : ‘मामाकुळ. श्री. धनसिंग गुलाबसिंग, धुळे. हे नाव मोठं टाकजा.’

अभिमनभाऊ दारात चपला घालत होते. एक हाक पुरली असती. नवलने तोंड उघडलं, आणि मिटलं.

मग जे व्हायचं ते झालं. धनसिंग लग्नाला आले नाहीत. दिपमालाला मांडवात कोणा दूरच्या मामाने आणलं. ताईबाईंना, म्हणजे अभिमनभाऊंच्या बायकोला, वाटलं की नवऱ्याने मुद्दाम भावाचं नाव वगळलं. धनसिंगना वाटलं, बहिणीलाच आपण नको. अभिमनभाऊ आधी शपथा घ्यायचे, नंतर नुसते गप्प बसायचे. त्या घरात पंधरा वर्षं ‘भाकर शे’ आणि ‘पाणी तापनं’ एवढंच बोलणं उरलं होतं. हे नवलला त्यांच्याच भाऊबंदांकडून कळायचं, दर पत्रिकेच्या वेळी, नव्या तपशिलासह.

आणि आता धाकट्या भूमिकाचं लग्न. अभिमनभाऊंनी या वेळी कच्चं आणलंच नाही. “तुमनं मशीन बठ्ठा ओयखस म्हने,” म्हणाले, आणि वधू-वरांची नावं देऊन निघून गेले. मशीनने बाकीची एकशे दोन नावं भरली. प्रियलने आज सकाळी प्रूफ मोबाइलवर पाठवलं. भूमिकाने ओट्यावर बसून आईला वाचून दाखवलं, आणि ‘मामाकुळ : कै. धनसिंग गुलाबसिंग, धुळे’ इथे आल्यावर ताईबाईंनी जो हंबरडा फोडला, तो म्हणे तीन गल्ल्यांत ऐकू गेला. फोन करून खात्री करावी, असं कोणाच्याही मनात आलं नाही. करणार कोण? पंधरा वर्षं फोन नव्हता. शिवाय उत्तरकार्याच्या पत्रिकाही याच प्रेसमध्ये छापतात. कोण गेलं ते प्रेसला माहीत असणारच.

“काका,” प्रियलने हाक मारली. तिचा चेहरा उतरला होता. “मी त्याला विचारलं, कै. का लिहिलंस म्हणून. त्याने कारण दिलंय. बघा.”

नवलने पाहिलं नाही. “काय म्हणतो?”

“म्हणतो, हा मामा आहे. आधार, दिपमालाचं कच्चं. पण त्यानंतर त्या घराच्या सलग तीन पत्रिकांत हे नाव कुठेच नाही. म्हणून माणूस वारला. हा नियम त्याने स्वतःच बनवलाय. जे नोंदीत नाही, ते जगात नाही, असं धरून चालतो तो.”

“माणूस रुसलेला असू शकतो.”

“रुसलेलं कुठे लिहिलंय, काका? चार हजार पत्रिकांत एकात तरी?” ती थांबली. मग हळू म्हणाली, “आधारात लिहिलंय, पान दोन. मागची बाजू. ती छापलीच नव्हती.”

पंखा फिरत होता. मशीनवर कौतिक कागद लावत होता. 

फोन वाजला. अभिमनभाऊ. “पारोळं सोडं.”

शेठजी कपाळ पुसत आले. धंद्याच्या बाबतीत ते कधीच घाबरत नसत, पण पाटलांच्या भरलेल्या गाडीची गोष्ट वेगळी. “सगळ्यांनी एकच सांगायचं. कॉम्प्युटरची चूक. व्हायरस आला. हल्ली बँकासुद्धा हेच सांगतात आणि लोक हात जोडून परत जातात. प्रियल, तू उद्यापासून हे मशीन बंद कर. नवल पूर्वीसारखं हाताने करेल. त्याच्या हातून नाव गळत नाही.”

प्रियलने नवलकडे पाहिलं. नवलने टेबलावरची चिठ्ठी उलटी केली. मागे काहीच नव्हतं.

शेठजी आत गेल्यावर ती म्हणाली, “पान दोन मी काढून टाकू शकते. एक ओळ लिहायची. कोणाला कळणार नाही.” तिचे डोळे भरले होते. आठ महिन्यांचं काम उद्या बंद होणार होतं, तरी ती हे विचारत होती. “सांगा, काका. तुम्ही म्हणाल तसं.”

नवलने चिठ्ठी परत सरळ केली. त्याला नाही म्हणायचं होतं आणि हो म्हणायचं होतं, आणि दोन्हींची सारखीच भीती वाटत होती.

परत फोन. “एरंडोल.”

तो पाणी प्यायला. सुनंदाबाईला फोन लावला, ती म्हणाली, “काय झालं?” तो म्हणाला, “काही नाही. गॅस बंद आहे ना?” आणि ठेवून दिला.

“पाळधी.” या वेळी आवाज धनसिंगचा होता. “प्रेसवाला का तू? चहा मांडी ठेव. मरेल माणूसले तहान लागेल शे.”

मग फोन आलाच नाही. बांभोरीचा पूल ओलांडून गाडी शहरात शिरली असणार. नवलने माळ्यावरून उतरवलेल्या गठ्ठ्यांत हात घातला. शोधायला लागलं नाही. पंधरा वर्षांत त्याने तो गठ्ठा इतक्या वेळा लांबून पाहिला होता, की अंधारातही हात तिथेच गेला असता.

गाडी दाराशी करकचून थांबली. आधी उतरले धनसिंग. सहा फूट उंची, पांढऱ्या मिशा, आणि गळ्यात झेंडूचा भला मोठा हार. हा हार ताईबाईंनी त्यांच्या प्रेतासाठी घेतला होता. तो घालूनच त्यांनी धुळ्यापासून गाडी चालवली होती, आणि टोलवरच्या पोराने त्यांना निवडून आल्याबद्दल शुभेच्छा दिल्या होत्या.

“मनं नाव धनसिंग,” आत येऊन ते म्हणाले. “मी मरेल शे. बसू का?”

कौतिकने खुर्ची दिली आणि स्वतः मशीनमागे गेला. मागून ताईबाई आल्या, रडून डोळे सुजलेले, भावाच्या बाहीचं टोक मुठीत धरलेलं. सर्वांत शेवटी अभिमनभाऊ. बाकीची मंडळी वाटेत पारोळ्यालाच उतरली होती. पूर्वीचे तापट अभिमनभाऊ कुठे दिसेनात. खांदे पडलेले, टोपी हातात.

शेठजींनी हात जोडले. “पाटीलसाहेब, कॉम्प्युटरची चूक. व्हायरस…”

“ऱ्हाऊ द्या, शेठजी,” धनसिंग म्हणाले. “पंधरा वरीस जित्ता व्हतू तं कोनी इचारं नई. मरनू तव्हय बहीन धावत उनी. तुमना मशीनना उपकार शेतस मनावर.”

“तुले लाज नई वाटस असं बोलाले?” ताईबाईंनी त्याच्या दंडावर चापट मारली आणि परत रडायला लागल्या.

सगळे हसले. चहा आला. शेठजींच्या चेहऱ्यावर रंग आला. आता हे असंच संपणार, नवलला वाटलं. न सांगता संपणार. त्याच्या पाठीमागे धरलेल्या हातातला कागद ओला झाला होता.

तेवढ्यात अभिमनभाऊ बोलले. कोणी विचारलं नव्हतं. “मशीननी चूक तं आजनी. जुनी चूक मनीच व्हती. धनसिंगनं नाव मीच लिखं नव्हतं. इसरी गयथू असेल. आते गाडीमा मी ताईबाईना समोर कबूल करी टाकं. मिटनं.”

ताईबाईंनी पदर डोळ्यांना लावला. धनसिंगनी मान हलवली, मोठ्या मनाने माफ करणाऱ्या माणसासारखी.

“अभिमनभाऊ,” नवल म्हणाला. आवाज आला नाही. परत म्हणाला. “अभिमनभाऊ. हे धरा.”

त्यांनी कागद घेतला. पिवळा फुलस्केप, कोपरा उंदराने खाल्लेला. वरपासून खालपर्यंत भाऊबंद. त्यांनी तो ओळखला आणि परत द्यायला हात पुढे केला.

“उलटा करा.”

त्यांनी उलटा केला. बराच वेळ ते वाचत राहिले. दोनच ओळी होत्या.

“हाई मनं अक्षर शे.”

“हो.”

“हाई बाजू तू तव्हय माले दखाडी नई.”

“तेव्हा मीही पाहिली नव्हती. तुम्ही दारात चपला घालत होता, तेव्हा पाहिली. हाक मारता आली असती.” नवलने टेबलाची कड धरली. “मी भ्यालो, भाऊ. मग रोज भ्यालो.”

आता मारतील, असं त्याला वाटलं. शेठजी अर्धे उठले. कौतिकने छपाईचं मशीन बंद केलं. पण अभिमनभाऊंचं लक्ष कागदावरच होतं. त्यांनी कागद सरळ केला, परत उलटा केला, परत सरळ. जणू दोन्ही बाजू एकाच कागदाच्या आहेत, हे नीट तपासत होते.

धनसिंगनी गळ्यातला हार काढला आणि मुकाट टेबलावर ठेवला.

“पत्रिका?” प्रियलने अगदी हळू विचारलं.

“मी सोता लिखसू,” अभिमनभाऊ म्हणाले. “दुसरा प्रेसमा देसू.” त्यांनी टोपी घातली. कागद मात्र दिला नाही.

ते बाहेर गेले. शेठजी नवलकडे न पाहता आत गेले. नवल काचेशी उभा राहिला. उद्या यायचं की नाही, हे कोणी सांगितलं नव्हतं आणि विचारायची त्याची हिंमत नव्हती.

येताना ताईबाई पुढे, भावाशेजारी बसून आल्या होत्या. आता त्या गाडीपाशी थांबल्या, पुढचं दार सोडून मागे गेल्या आणि अभिमनभाऊंच्या शेजारी चढून बसल्या. त्यांनी हात पुढे केला. अभिमनभाऊंनी कागद दिला. ताईबाईंना वाचता येत नव्हतं. त्या भाऊबंदांच्या ओळींवरून बोट फिरवायला लागल्या.

अभिमनभाऊंनी त्यांच्या हातातला कागद उलटा केला. त्यांचं बोट धरून वरच्या कोपऱ्यात नेलं, पहिल्या शब्दावर ठेवलं, आणि तोंडाने एक एक अक्षर म्हणत पुढे सरकवायला लागले.

गाडी बराच वेळ सुरू झाली नाही. पुढे बसलेला मेलेला माणूस, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, काही घाई नसल्यासारखा थांबून होता.